शाळेभोवतीच्या खाऊचा अभ्यास करतेयस? आधी फाटकाबाहेर उभी राहा

विषय छान निवडलास. फक्त प्रश्नावली छापायची घाई करू नकोस. नवीन माणूस हमखास मुलांना "काय आवडतं?" विचारतो आणि आवडीची यादी घेऊन घरी येतो. मुलं बहुतेकदा घेतात ते वाटेत दिसणारं आणि खिशाला परवडणारं.

वेळ बघ. आपल्याकडे गोव्यात बऱ्याच शाळा दुपारी दीडच्या सुमारास सुटतात, नेमकी तेव्हाच बाजारातली दुकानं जेवणासाठी शटर ओढतात. रस-ऑम्लेटचे (रस्सा ओतलेलं ऑम्लेट) गाडे तर संध्याकाळचे. मग बस येईपर्यंत उघडं काय? चिप्सच्या माळा लटकवलेला गाडा, एखादी बेकरी. पॅटिस घेणाऱ्या मुलाला पर्याय होता का, हे आधी लिही.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- फाटकापासून 50 मीटर मोज. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020च्या नियमांनुसार त्या अंतरात मुलांना जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकायला मनाई आहे.
- म्हापशात असशील तर नुसत्या शुक्रवारी जाऊ नकोस, त्या दिवशीच्या आठवडी बाजारामुळे चित्रच बदलतं.
- गाडेवाल्याकडे आधी काहीतरी विकत घे, वही नंतर काढ. (इन्स्पेक्टर समजले तर संपलंच!)

नकाशे, टक्केवारी सध्या राहू दे. आठवडाभराच्या नोंदी झाल्या की दाखव, मग बोलू.