आधी रांग बघ

प्रिय पोरी,

शनिवारी संध्याकाळी तू अप्पांबरोबर आलीस तेव्हा बाकावर सहा जण बसले होते, म्हणून तुझ्याशी नीट बोलता आलं नाही. दाढेत घास अडकतो एवढंच तू सांगितलंस. तपासून झाल्यावर खुर्चीवरून उतरताना हळूच मोबाइल पुढे केलास आणि विचारलंस, "मॅडम, हे डेंटल कॉलेज कसं आहे?" अप्पा दारात उभे होते, त्यांना पारोळ्याची शेवटची एसटी गाठायची होती. मी म्हटलं, सांगते. ते सांगणं राहून गेलं आणि रात्री झोप लागेना, म्हणून लिहायला बसले.

तू दाखवलेले फोटो मी नीट पाहिले. काचेची इमारत, पुढे लॉन, आत निळ्या खुर्च्यांची लांबलचक ओळ. त्यातल्या एकाही खुर्चीवर पेशंट नव्हता. तुला ते खटकलं नाही. मला तेवढंच दिसलं.

१९८८ साली माझ्या वडिलांसमोरही असंच एक गुळगुळीत माहितीपत्रक आलं होतं. कॉलेज लांबच्या शहरात होतं, नाव मी सांगणार नाही. नदीकाठचे दोन बिघे विकून त्यांनी पैसे भरले. मी इमारत बघितली, हॉस्टेल बघितलं, मेसमध्ये जेवण काय मिळतं ते विचारलं. पेशंट किती येतात हे विचारायचं मला सुचलं नाही, आणि वडिलांना तर सुचायचं कारणच नव्हतं.

पहिली दोन वर्षं काही कळत नाही. मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचे, प्लास्टर कालवायचं, उपटलेले दात गोळा करून त्यावर खड्डे कोरायचे, हे सगळीकडे सारखंच. तिसऱ्या वर्षी पेशंट हाताखाली येतात, तेव्हा कॉलेज उघडं पडतं. आम्ही चाळीस जण इस्त्रीचे ॲप्रन घालून नऊ वाजता उभे, आणि समोर पेशंट सहा. प्रत्येकाने ठरावीक पेशंट करायचे असा कोटा असतो, तो पूर्ण करायचा म्हणून मुलं स्टँडवरून माणसं पकडून आणायची, त्यांचं रिक्षाचं भाडं द्यायची. हॉस्टेलच्या वॉचमनचे दात आम्ही आळीपाळीने इतक्या वेळा साफ केले की शेवटी तो आम्हाला बघून गेटमागे जायचा. माझ्या जर्नलमध्ये कोटा पूर्ण आहे. सह्याही खऱ्या आहेत. पण त्यातले निम्मे दात दुसऱ्याने काढताना मी नुसते बघितले होते.

याची किंमत मी भरली नाही, दुसऱ्याने भरली. १९९४ साली इथे अमळनेरला क्लिनिक टाकलं, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात एक शेतकरी खालची दाढ काढायला आला. इंजेक्शन दिलं, ओठ जड झाला का विचारलं, झाला म्हणाला. फोर्सेप्स म्हणजे दात काढायची पकड, ती लावून जोर दिला आणि कट्‌ आवाज झाला. वरचा भाग माझ्या हातात, दोन्ही मुळं आत. मूळ उचकटायचं हत्यार, एलिव्हेटर, घेऊन पाऊण तास झगडले. घाम पुसायला हात मोकळा नव्हता. एक मूळ निघालं, दुसरं नाही निघालं. तो माणूस एका शब्दाने बोलला नाही. कापसाचा बोळा दाताखाली धरून, गालाला रुमाल लावून उठला आणि पैसे टेबलावर ठेवून गेला. ते पैसे मी घेतले, हे मला आजही टोचतं.

पुढच्या सोमवारी क्लिनिकला कुलूप लावलं आणि धुळ्याला एका ज्येष्ठ डॉक्टरांकडे गेले. आठ महिने त्यांच्या शेजारी उभी राहून सक्शन, म्हणजे तोंडातली लाळ ओढणारी नळी, धरलं, पगार न घेता. पाच वर्षांत जे शिकायला हवं होतं, ते तिथे शिकले. म्हणून सांगते, इमारत बघू नकोस, रांग बघ.

तुला वाटेल, बाई एकच धरून बसली. धरूनच बसले आहे. देशात आज ३०० हून जास्त डेंटल कॉलेजं आहेत. त्यातली कितीतरी अशा ठिकाणी उभी राहिली की आजूबाजूला वस्तीच नाही. खुर्च्या आल्या, पण पेशंट तिथवर येणार कसे? संलग्न कॉलेजांची परीक्षा नाशिकचं आरोग्य विद्यापीठ घेतं, पेपर सगळ्यांना एकच असतो. त्यामुळे निकाल किती टक्के लागला हे कॉलेजच्या फलकावर वाचून हुरळून जाऊ नकोस. पेपर सारखा असतो, पेशंट सारखे नसतात.

आणि पेशंट म्हणजे नुसता आकडा नाही. मागच्या महिन्यात चोपड्याकडचा बावीस वर्षांचा मुलगा आला. म्हणाला, "तोंडमा आग व्हस, बाई." तिखट खाल्लं की डोळ्यांत पाणी. आ करायला सांगितलं तर तोंड दोन बोटंसुद्धा उघडेना, तीन बोटं उभी सहज जायला हवीत. गालाच्या आतून बोट फिरवलं, दोरीसारखे ताठ पट्टे लागले. सुपारी आणि गुटखा, दोन्ही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि त्याच्या खिशात पुडी होती. तो पट्टा बोटाला कसा लागतो हे पुस्तक सांगू शकत नाही. पन्नास तोंडांत बोट घालावं लागतं, मग एक्कावन्नाव्याला तू अंधारातही ओळखशील. आपल्याकडे म्हाताऱ्या बाया मशेरी लावतात, कापूस वेचणारी पोरं तंबाखू मळतात. तुला याच लोकांमध्ये काम करायचं आहे असं तू म्हणालीस. मग हे लोक जिथे सकाळी केसपेपरसाठी उभे असतात, तिथे शिक.

आता तुझ्या मनात दुसरं एक आहे, ते मला कळलं. मामा म्हणतो 'नीट'ची परीक्षा पुन्हा दे, एमबीबीएस होईल. याचं उत्तर मी देणार नाही. मात्र दातांचं शिक्षण म्हणजे हुकलेल्या डॉक्टरकीचं सांत्वन असं मनात असेल तर त्या वाटेला जाऊच नकोस. चार वर्षं आणि वर अख्खं एक वर्ष इंटर्नशिप, एवढा काळ नाक मुरडत काढता येत नाही. मी असल्या मुली पाहिल्या आहेत.

पैशाचं थोडक्यात. अप्पांना सांग, २०२४ पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी गटातल्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतूनच, व्हायला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ते मिळत नाही. हॉस्टेल, मेस आणि हत्यारांचा खर्च वेगळा, तो घरूनच करायचा. जमीन विकायची गोष्ट निघाली तर मला फोन कर, मी अप्पांशी बोलते.

तू प्रेफरन्स फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरण्याआधी त्या कॉलेजात जा. रविवारी नको, आणि ते बोलावतात त्या दिवशीही नको. मंगळवार किंवा बुधवार, सकाळी साडेनऊला. ऑफिसात जाऊ नकोस. सरळ ओपीडीत जाऊन बाकावर बस आणि बारापर्यंत माणसं मोज. खुर्च्याही मोज, पण फक्त चालू असलेल्या. ज्या खुर्चीच्या नळाला पाणी नाही, सक्शनची नळी गुंडाळून ठेवली आहे, ती मोजू नकोस. मग एखादी इंटर्न चहाला निघाली की तिला गाठ. तिला कॉलेज कसं आहे म्हणून विचारू नकोस, ती चांगलंच म्हणणार. विचार, "ताई, तुम्ही स्वतःच्या हाताने दाढा किती काढल्या? कवळी बसवलेला शेवटचा पेशंट कोण होता?" ज्या पोरीने खरंच कवळी केली आहे तिला ती म्हातारी आठवतेच, नावानिशी. आणि विचार, पेशंट कोण आणतं? मुलांना आणावे लागत असतील तर तिथून निघून ये. लॉनवर फोटो काढत बसू नकोस.

माझ्या भाच्याने माझं ऐकलं नाही. तो चकचकीत कॉलेजात गेला आणि आज पुण्यात त्याचं क्लिनिक छान चाललंय. घरात मला हे दर दिवाळीला ऐकवतात. पण पास झाल्यावर तीन वर्षं तो दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये हाताखाली राबला, हे कोणी सांगत नाही. मी आठ महिन्यांत जे भरून काढलं, त्याला त्याची तीन वर्षं गेली. मी अमळनेर सोडलं नाही म्हणून माझं काही वाया गेलं असंही मला वाटत नाही. त्या शेतकऱ्याचा मुलगा आता आपल्या मुलांना माझ्याकडेच घेऊन येतो. बापाचं राहिलेलं मूळ मी धुळ्याहून परत आल्यावर काढलं होतं, त्याच्या घरी निरोप पाठवून, बोलावून घेऊन. रांग असती तर ते मूळ पहिल्याच दिवशी निघालं असतं. मला एवढंच म्हणायचं आहे.

शनिवारी मी तुझी दाढ भरली नाही, तपासून तशीच ठेवली. डाव्या बाजूला, खालच्या दोन दाढांच्या मध्ये कीड आहे. लहान आहे, आठवडाभराने काही बिघडत नाही. त्या कॉलेजात जाशील तेव्हा तिथे केसपेपर काढ आणि घास अडकतो एवढंच सांग. कुठल्या बाजूला ते सांगू नकोस. बघणारा लाइट नीट वळवतो का, आरसा घेऊन मागून बघतो का, दोन दातांच्या फटीत शंका आल्यावर एक्स-रे सांगतो का, की वरवर बघून पेस्ट लिहून देतो, तेवढं लक्षात ठेव. रविवारी सकाळी केसपेपर घेऊन माझ्याकडे ये. दाढ मी भरून देईन. त्याआधी त्यांना ती सापडली का ते सांग, आणि बाकावर किती माणसं होती तेही.

तुझी,
डॉक्टरबाई