बागेतली आगगाडी: तुमचे प्रश्न

गेल्या अंकात आमच्या चेंबूरच्या गच्चीवरच्या आगगाडीबद्दल लिहिलं होतं. कुंड्यांमधून फिरणारी, दोन रुळांत 45 मिलिमीटर अंतर असलेल्या लाइनीवरची गाडी, एकेक डबा फूट-दीड फूट लांब. त्यावर एवढी पत्रं आली की सगळ्यांना वेगळं लिहिणं शक्य नाही, म्हणून जे प्रश्न परत परत आलेत ते इथे घेतोय.

प्रश्न: नमस्कार. सहा महिन्यांपूर्वी रिटायर झालो. टॉप फ्लोरला राहतो, लागून 12 बाय 18 फुटांची टेरेस आहे. नातवाला गाड्यांचं वेड आहे आणि खरं सांगायचं तर मलाही. कुठली ट्रेन घेऊ, सुरुवात कशी करू? (डोंबिवलीचे एक वाचक)

उत्तर: ट्रेन कुठली हा प्रश्न सगळ्यात शेवटी. आधी टेरेसवर चार बादल्या पाणी ओता आणि ते कुठून कुठे जातं ते बसून बघा, खडूने मार्क करून ठेवा. मी हे केलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी रूळ सरळ गच्चीच्या लादीवर मांडले, बाजूने छान बारीक कच पसरली, दिसायला अगदी खऱ्या लाइनसारखं, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्रीत ती सगळी कच वाहत जाऊन पावसाच्या पाइपच्या जाळीवर बसली, वर आंब्याची पानं, झालं, जाळी बंद. सकाळी दार उघडलं तर घोट्यापर्यंत पाणी आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी जिन्यात उभे, त्यांच्या बेडरूमच्या छताला ओल आली होती. त्यांचं प्लास्टर मी करून दिलं, पण त्यांना झालेला त्रास माझ्या मनातून गेला नाही. म्हणून आता जो विचारेल त्याला हेच आधी सांगतो, मुंबईत या छंदात पहिला विचार पाण्याचा करायचा, दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आपल्याकडे चार महिन्यांत पडतो.

तर तुमच्या टेरेसवर रूळ जमिनीवर नकोच. अडीच-तीन फूट उंचीचा स्टँड करा. गॅल्वनाइज्ड अँगलचे पाय, त्याखाली कडप्प्याचे तुकडे आणि रबराचे पॅड, आणि गच्चीला एकही भोक पाडायचं नाही, खाली ब्रिकबॅट कोबा, म्हणजे पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर असतो आणि तो एकदा फुटला की ओल कुठून निघेल सांगता येत नाही. वर सिमेंट फायबर बोर्ड टाका. सुतार मरीन प्लायचं सुचवेल, पण दोन पावसाळ्यांत त्याच्या कडा फुगून पापुद्रे सुटतात, माझे सुटलेत. बोर्डला एका बाजूला अर्धा इंच उतार द्या आणि वीतभर अंतरावर भोकं पाडा. शिवाय उंचीमुळे गुडघ्यांना आराम आणि नातवाच्या डोळ्यांसमोर गाडी, हे फायदे आहेतच. पॅरापेटला चिकटून मात्र मांडू नका, दीड-दोन फूट जागा सोडा, जाळी साफ करायला हात जायला हवा.

टेरेस तुमच्या ताब्यात असली तरी सोसायटीच्या कमिटीला एक पत्र द्या. वजनाचंही बघा, ओली माती घनमीटरला दीड टनाच्या वर जाते, त्यामुळे मातीचे वाफे नको, कुंड्या ठेवा आणि कुंड्यांत कोकोपीट जास्त घाला.

आता वळणं. सेटमध्ये जे गोल रूळ येतात त्यांची त्रिज्या साधारण 600 मिलिमीटर असते, बारा तुकड्यांत एक गोल पूर्ण होतो. छोट्या इंजिनाला चालतं. पण तुमच्याकडे 12 फूट रुंदी आहे तर 1200 मिलिमीटर त्रिज्येची वळणं घ्या, आठ फुटांत वळण बसतं, दोन्ही बाजूंना चालायला जागा उरते आणि गाडी वळताना डौलदार दिसते, चाकंही कमी झिजतात. एक लंबगोल लूप, एक सायडिंग (गाडी उभी करायला बाजूचा रूळ), एक छोटं इंजिन, दोन डबे. पहिलं वर्ष बस्स. आणि खरेदीच्या आधी नातवाला घेऊन पुण्याला कर्वे रोडजवळचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून या, ते घरातलं आणि लहान मापाचं आहे पण सिग्नल, पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे), स्टेशन कसं एकमेकांशी जुळवतात ते तिथे नीट कळतं.

प्रश्न: काका, वसईला आमच्या अंगणात मी दोन वर्षांपूर्वी लाइन टाकली. पितळी रूळ आहेत. सुरुवातीला मस्त चालायची, आता दर चार फुटांवर अडकते, इंजिन धक्के खातं. रूळ काळे पडतात. चिंच आणि मीठ लावून घासले तर दोन दिवस चालते, परत तेच. काय करू? (वसईचा एक वाचक)

उत्तर: चिंच-मीठ आजच बंद कर बाळा. देवाची भांडी आपण घासतो ती लगेच भरपूर पाण्याने धुतो आणि पुसतो. रुळाचं तसं होत नाही, मीठ जोडांच्या फटीत जाऊन बसतं, ते हवेतली ओल ओढून घेतं आणि आतून हिरवं कीट चढतं. वसईची खारी हवा आधीच हेच काम करतेय, त्यात तू भर घालतोयस.

एक काम कर. एक जोड उघडून बघ. वरून रूळ पिवळाधमक दिसतो, पण जोडपट्टी सरकवली की आत मोरचुदासारखा हिरवा-काळा थर असतो आणि नखाने खरवडला की त्याची भुकटी पडते. इंजिनाला करंट रुळातूनच मिळतो आणि तो तिथे अडतोय, वरच्या काळेपणामुळे जेवढा अडतो त्याच्यापेक्षा जास्त तिथे. सगळे जोड उघड, बारीक पॉलिश पेपरने आतून साफ कर आणि सरकत्या पट्टीच्या जागी स्क्रूने आवळायचे क्लॅम्प लाव, आत थोडं कंडक्टिव्ह ग्रीस. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, समुद्राजवळ 316 नंबरचं, म्हणजे खाऱ्या हवेत जास्त टिकणारं, मिळालं तर उत्तम. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हे असले स्क्रू हवे त्या साइजचे मिळतात. वरची बाजू पुसायला लाकडी ठोकळ्याला हिरवा घासणीचा पॅड लाव, काठी बसवली तर वाकावं लागत नाही. स्टील वूल अजिबात वापरू नकोस, त्याचे बारीक तंतू मोटरच्या चुंबकाला चिकटतात आणि मोटर जाते.

जोड आवळताना सगळीकडे घट्टच केलं पाहिजे असं नाही बरं का. पितळ तापलं की वाढतं. पहाटे 25 डिग्री आणि भर दुपारच्या उन्हात रूळ 55 ला गेला तर दहा मीटरच्या लाइनीत जवळजवळ सहा मिलिमीटरचा फरक पडतो, आणि त्या सहा मिलिमीटरला जागा मिळाली नाही तर रूळ बाजूला वाकतो. म्हणून रूळ जमिनीला किंवा बोर्डला दर स्लीपरला ठोकायचे नाहीत, आठ-दहा फुटांवर एक सैल स्क्रू, बाकी खडीत मोकळे. आणि लांब सरळ भागात एखादा जोड सरकता ठेवून त्याच्यावरून वायरचा तुकडा जोडून द्यायचा म्हणजे करंटही तुटत नाही.

आता माझं खरं मत सांगतो, पटलं तर घे. आपल्या किनाऱ्यावर रुळातून करंट द्यायच्या भानगडीत पडूच नये. मी चार वर्षं घासत बसलो, गाडी चालवायला अर्धा तास आणि घासायला दीड तास. मग इंजिनात बॅटरी टाकली. 18650 मापाचे चार लिथियम सेल सिरीजमध्ये, म्हणजे 14.8 व्होल्ट, सोबत प्रोटेक्शनचा बोर्ड, एक छोटा रिमोटचा रिसीव्हर, हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं. सेल 2500 एमएएचचे असतील आणि मोटर एक अँपिअर खात असेल तर दोन-अडीच तास गाडी आरामात चालते. इंजिनात जागा नसेल तर मागच्या बंद डब्यात बॅटरी ठेव. चाकांकडून मोटरला जाणाऱ्या वायरी मात्र आठवणीने कापून वेगळ्या कर, नाहीतर बॅटरीचा करंट रुळात जाईल. सेल नामांकित कंपनीचेच घे, चार्जिंग डोळ्यांसमोर कर आणि गाडी उन्हात उभी ठेवून जेवायला जाऊ नकोस. त्या दिवसापासून माझे रूळ काळे आहेत आणि गाडी चालते. काळा रूळ खऱ्या रुळासारखा दिसतोही जास्त.

ज्यांना रुळातूनच करंट द्यायचाय त्यांनी एवढं पाळा, ट्रान्सफॉर्मर घरात, बाहेर फक्त 24 व्होल्टच्या आतला डीसी, आणि त्या प्लगला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच. 230 व्होल्टचं एक्स्टेन्शन बागेत ओढायचं नाही, एका दिवसासाठी सुद्धा नाही.

प्रश्न: मला नेरळ-माथेरानची गाडी करायचीय, घाट, वळणं, सगळं. आणि मुलाला लोकल हवीय. दोन्ही एकाच रुळावर चालतील का? (मुलुंडच्या एक वाचक)

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला, कारण आपल्याकडची गाडी करायची असं म्हणणारे कमी, बहुतेक जण सेटमधली युरोपातली गाडीच फिरवतात.

हिशोब असा आहे. न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीनं 1968 साली एलजीबी नावाने बागेतल्या गाड्या आणल्या, त्यात 45 मिलिमीटरचा रूळ म्हणजे मीटर गेज (खऱ्या रुळांतलं एक मीटरचं अंतर) धरलं, स्केल 1:22.5, म्हणजे खऱ्या गाडीपेक्षा साडेबावीस पट लहान. माथेरानची लाइन दोन फुटी आहे, 610 मिलिमीटर. तिला 45 च्या रुळावर आणायचं तर स्केल साधारण 1:13.5 येतं, म्हणजे साडेपाच फुटांचा माणूस बारा सेंटिमीटरच्या वर. डबे चांगले गुबगुबीत होतात, हाताने बनवायला सोपे. 32 मिलिमीटरचा रूळही मिळतो, त्यावर हेच 1:19 पडतं आणि जागा कमी लागते. तयार मॉडेल शोधत बसू नका, एखादं चार किंवा सहा चाकी इंजिनाचं चांगलं चेसिस (चाकं-मोटरसकट खालचा सांगाडा) घ्या आणि वरचं बॉडीवर्क फोम शीट किंवा एबीएस प्लास्टिकच्या शीटमध्ये स्वतः करा. माथेरानची जुनी वाफेची इंजिनं सहा चाकीच होती, ओरेनस्टाइन अँड कोपेलची.

लोकलचं गणित वेगळं. ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, 45 च्या रुळावर ते 1:37 होतं. वीस मीटरचा डबा 54 सेंटिमीटरचा, बारा डबा लोकल साडेसहा मीटर, म्हणजे 21 फूट! तीन डबे करा, पुढेमागे मोटरमनची केबिन, मुलाला ती लोकलच वाटेल. पण 600 च्या वळणावर ते डबे टिकणार नाहीत, कपलर (डबे जोडणारे आकडे) तिरके होऊन डबे रुळावरून उतरतात. रूळ एक चालेल, दोन्ही गाड्या एकत्र उभ्या केल्या तर मापं विजोड दिसतील, तेव्हा एका दिवशी एकच चालवा.

चढाचं सांगते मी तुमच्या मुलुंडच्या अंगणासाठी मुद्दाम, असं माझी बायको म्हणतेय कारण आमचा घाट तिनेच रचलाय. तिचं म्हणणं, माथेरानचा 1:20 चा चढ हुबेहूब करू नका, चाकं जागेवर फिरतात. 1:40 धरा, दहा फुटांत तीन इंच. आणि घाट मातीचा ढीग करून नाही, आत विटा किंवा सिपोरेक्सचे (हलक्या सिमेंट ब्लॉकचे) तुकडे, वर जांभ्याचे दगड, आणि डोंगराच्या बाजूने रुळाला लागून एक छोटं गटार. हे गटार मला फार महत्त्वाचं वाटतं. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घालून 1907 साली सुरू केलेली ती खरी लाइन, ती सुद्धा 26 जुलै 2005 च्या पावसात जागोजागी वाहून गेली आणि परत सुरू व्हायला 2007 उजाडलं, 2019 ला पुन्हा तीच गत. डोंगरावरून येणारं पाणी रुळाखालून जाऊ द्यायला वाट हवी, दर तीन-चार फुटांवर अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपची मोरी टाका. त्या लाइनीवरचं वॉटर पाइप नावाचं स्टेशन करणार असाल तर फोटो नक्की पाठवा.

प्रश्न: गाडीच्या मापाला शोभतील अशी झाडं कोणती? (ठाणे)

उत्तर: जेड लावा, छाटत राहिलं की खोड जाड होऊन वडासारखं दिसतं. जमिनीलगत ब्राह्मी पसरते आणि ओल सोसते. उन्हाच्या जागी ऑफिस टाइमची फुलं. कामिनी छाटून ठेवली तर चांगली. वड, पिंपळ, उंबर कुंडीतही नको, मुळं गच्चीत घुसतात, भिंतीत उगवलेलं रोप तर दिसताक्षणी काढा.

प्रश्न: पावसाळ्यात सगळं उचलून ठेवायचं का? (दहिसर)

उत्तर: रूळ राहू द्या बाहेर. इंजिन, डबे, पॉइंटच्या मोटरी, स्टेशनातली माणसं, सगळं मेच्या शेवटी आत घ्या. माणसं तर एरवीही रात्री आत घेत जा, आमचा स्टेशन मास्तर कावळ्याने नेला. गाड्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून पाच मिनिटं चालवायच्या म्हणजे ग्रीस घट्ट होत नाही. लिथियम सेल अर्धे चार्ज करून वेगळे ठेवा. सुट्टीच्या दिवशी उघडीप मिळाली तर पानं झाडून एक फेरी मारायला हरकत नाही, बॅटरीवाल्यांना तेवढं जमतं.

आणि गणपतीत ते 600 मिलिमीटरचे बारा तुकडे घरात आणा. सव्वा मीटरचा गोल होतो, चौरंगाच्या भोवती बरोबर बसतो. आमच्याकडे दरवर्षी मखराला गाडीची प्रदक्षिणा असते, मागच्या उघड्या डब्यात मोदकाचं ताट जातं आणि आरतीला आलेली पोरं तिथून हलत नाहीत. फक्त समई आणि निरांजन गोलाच्या बाहेर, हातभर लांब ठेवा.