घराआधी वाट बुडते

प्रश्न : शिरोळ तालुक्यात नदीकाठी आमचे घर आहे. २००५ चे पाणी उंबऱ्यापाशी थांबले होते, त्या भरवशावर २०१९ मध्ये आम्ही घरातच राहिलो आणि अखेर रात्री बोटीतून निघावे लागले. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, गोठ्यात दोन म्हशी आहेत. तयारी काय करावी आणि निघावे कधी?

उत्तर : ताई, आधी निघण्याच्या वेळेविषयी लिहितो, कारण ती चुकली तर बाकीची तयारी कामी येत नाही. जुन्या पुराची खूण हा फसवा आधार आहे. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा २००५ मध्ये ५३ फुटांच्या पुढे गेली होती. २०१९ मध्ये तिने ५७ फूटही ओलांडले. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, पण हे आकडे बंधाऱ्यावरचे आहेत, तुमच्या दारातले नव्हेत. त्यामुळे बंधाऱ्यावर किती फूट पाणी असताना तुमच्या गावाबाहेरचा ओढा रस्त्यावर येतो, हे जाणत्या माणसांना विचारून तो आकडा स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा आणि पाणी त्याच्या दोन-तीन फूट खाली असतानाच निघा. वाट मोकळी असेल तर सासूबाईंना गादीसकट गाडीतून नेता येईल. बोटीत ते जमत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसलेली बोट उलटली, ते दुःख अजून ताजे आहे.

म्हशींमुळेच बहुतेक घरांचा पाय अडतो, म्हणून त्यांना माणसांच्या एक दिवस आधी हलवा. उंचावरच्या पाहुण्यांशी आजच बोलून ठेवा, वैरणीचे ठरवा आणि कानातल्या बिल्ल्यांचे क्रमांक वहीत उतरवा. वेळच आली तर दावे सोडून द्या. बांधलेले जनावर जागीच बुडते.

सासूबाईंची पंधरा दिवसांची औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी आणि अंथरायचे प्लास्टिक एका पिशवीत भरून दाराशी ठेवा. सातबारा, रेशन कार्ड आणि पासबुके दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळा. निघताना मेन स्विच बंद करा आणि सिलिंडरचा रेग्युलेटर काढून सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधा, कारण तो पाण्यावर तरंगतो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक सर्वांच्या मोबाईलमध्ये असू द्या.

घर राखायला कुणी मागे राहणार नाही, हेही आजच सर्वांसमोर ठरवा. माडीवर राहिलेल्या एका माणसासाठी बोटीला त्याच धारेतून पुन्हा यावे लागते.