बाबांचं लाल आकड्यांचं घड्याळ: १८ हजार घालावेत का?

नौपाड्यातल्या एका वाचकांनी विचारलंय: "बाबांनी १९७७ मध्ये कुवेतहून स्टीलचं एलईडी घड्याळ आणलं होतं. बटण दाबलं की लाल आकडे उमटायचे. बाबा गेल्यावर ते कपाटात सापडलं, बंद. दुरुस्त करणारा म्हणतो, आतलं मॉड्यूल, म्हणजे चिप आणि आकड्यांचा अख्खा संच, परदेशातून मागवून बदलावं लागेल, १८,००० रुपये, निम्मे आगाऊ. क्रेडिट कार्डावर सहा हप्त्यांत करू का? नेटवर असंच घड्याळ दीड लाखाला लावलेलं पाहिलं, म्हणजे पैसे वसूल होतीलच ना?"

तुमच्या प्रश्नातला तो 'म्हणजे' महागात पडेल. दीड लाख ही कुणीतरी मागितलेली किंमत आहे, कुणी मोजलेली नव्हे. घोडबंदर रोडच्या फ्लॅटची जाहिरातीतली किंमत आणि शेवटी ठरलेला सौदा यांतलं अंतर ठाणेकरांना मी काय सांगावं? विकल्या गेलेल्या घड्याळांचे भाव बघा, तेही तुमच्याच मॉडेलचे. तुमच्या पत्रात तर ब्रँडचं नावच नाही!

आणि सगळा फरक तिथेच पडतो. पहिलं एलईडी घड्याळ, हॅमिल्टनचं पल्सर, १९७२ मध्ये सोन्याच्या केसमध्ये २,१०० डॉलरला विक्रीला आलं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९७६ मध्ये प्लॅस्टिकचं घड्याळ २० डॉलरला काढलं. पाठोपाठ एलसीडी घड्याळांनी बाजार व्यापला, ज्यांत वेळ बघायला बटण दाबावं लागत नाही, आणि लाल आकडे मागे पडले. त्यामुळे नुसतं 'एलईडी आहे, जुनं आहे' यावर भाव ठरत नाही.

दुसरी गोम अशी, की संग्राहकाला आतलं मूळ मशीन हवं असतं. तुम्ही १८,००० घालून नवं मॉड्यूल बसवलंत, तर घड्याळ चालेल, पण त्याच्या लेखी ते कमी अस्सल होईल. विकण्यासाठी ही दुरुस्ती करणं म्हणून मला पटत नाही. विकायचंच असेल तर आहे तसं, बंद म्हणून विका.

मनगटावर घालायचं असेल, तर वेगळं बोलू. आमच्या, पैशांचा सल्ला देणाऱ्यांच्या, धंद्यात प्रत्येक रुपया एफडीत टाकून बघायची खोड असते; इथे ती सोडतो. ही हौस आहे, आणि बाबांच्या घड्याळासाठी असलेल्या हौसेला मी नाही म्हणणार नाही. फक्त आधी स्वस्तातलं करून बघा. अशी घड्याळं अनेकदा जुना सेल गळून संपर्काच्या पट्ट्या गंजल्यामुळे बंद पडतात. त्या साफ करून नवे सिल्व्हर ऑक्साइड सेल घालून बघायला सांगा. अल्कलाइन नकोत, ते जास्त गळतात. वेळेचा ठेका धरणारा क्वार्ट्झ क्रिस्टल गेला असेल तरी तो किरकोळ किमतीचा भाग आहे. चिप किंवा आकड्यांच्या केसासारख्या बारीक तारा गेल्या असतील, तरच मॉड्यूलचा विषय. "हे सगळं तपासलं का?" एवढं विचारा. उत्तर गुळमुळीत आलं, तर आगाऊ रक्कम देऊ नका.

कार्डाचे हप्ते नकोत. व्याज, त्यावर जीएसटी, वर प्रोसेसिंग फी, आणि वस्तू अशी की चालेल याची हमी नाही. दरमहा ३,००० बाजूला काढा, सहा महिन्यांत रोख द्या. पन्नास वर्षांचं घड्याळ आणखी सहा महिने थांबेल. काम दिलंत, तर काढलेलं जुनं मॉड्यूल परत मिळेल असं पावतीवर लिहून घ्या.

कराची काळजी नको. वारशाने आलेल्या वस्तूवर कर नाही, आणि स्टीलचं वापरातलं घड्याळ विकलं तरी ते वैयक्तिक वापराच्या वस्तूंत मोडतं, भांडवली नफ्यावरचा कर लागत नाही. पण नेरूळच्या बहिणीचा उल्लेख तुम्ही ओझरता केलाय. मृत्युपत्र नाही आणि आईही हयात नाहीत, तर तुम्हा दोघांत त्या घड्याळात तिचा निम्मा वाटा आहे. विकायचं असो वा बदलायचं, तिला आधी विचारा.

चालू झालंच, तर सेलचा खर्च धरून चला. एलईडी भरपूर वीज खातात, म्हणून तर ते बटण. घरात नातवंडं असतील, तर दर दोन मिनिटांनी वेळ बघितली जाईल. घालत नसाल तेव्हा सेल काढून ठेवा.