रात्री अकराची मूठभर शेव

मावशी,
मी इंदूरची, रामबागेत राहते. वय 42, शाळेत शिकवते. पाच आठवड्यांपूर्वी माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं, स्लीव्हचं, म्हणजे पोटाचा मोठा भाग कापून काढण्याचं. पहिले तीन आठवडे भूक म्हणजे काय तेच विसरले होते. घड्याळ बघून चमच्या-चमच्याने प्यायचे. वाटलं, सुटले बाई एकदाची. चौथ्या आठवड्यापासून मात्र संध्याकाळ झाली की पोटात खड्डा पडतो. गेल्या शनिवारी घरचे सगळे रात्रीच्या सराफ्यात खायला गेले, मी झोप येते म्हणून मागे राहिले आणि रात्री अकराला दिवा न लावता डबा उघडून मूठभर लसणाची शेव खाल्ली. काही त्रास झाला नाही, त्याचीच जास्त भीती वाटते. पोट पुन्हा ताणलं गेलं का? सासूबाई परवा म्हणाल्याच, "पोट कापून घेतलं तरी भूक आहेच का गं?" ह्यांना काही बोलले नाही, इतका पैसा लागलाय. डाएटीशियनचा फोन आला तर "सगळं छान" म्हणून ठेवून दिला. संकष्टी जवळ आली आहे. उपास धरला तर भूक मरेल का?
– रामबागेतली एक

अगं, आधी शेवेचंच बोलू. पत्रात त्याच्या आधीच्या दोन ओळी तू खोडल्या आहेस, म्हणजे खरं दुखणं तिथेच आहे.

मूठभर शेवेने पोट ताणलं जात नाही. त्रास का झाला नाही, त्याचं कारण शेवेतच आहे. ती दाताखाली मोडते, लाळेत तिचा लगदा होतो आणि तुझ्या आताच्या केळ्याएवढ्या पोटातून सरसर खाली निघून जाते. त्याच वेळी घाईघाईत पनीरचे चार तुकडे खाल्ले असतेस तर छातीशी दाटलं असतं आणि हात आपोआप थांबला असता. शेव, चिप्स, बिस्किटं, आइस्क्रीम ही सगळी एका माळेची मंडळी. पोट "बस" म्हणायच्या आत ती पुढे गेलेली असतात. म्हणून ऑपरेशन झालेल्यांनी त्यांच्यापासून जपायचं. वर तिखट आणि तेल, तेही पाचव्या आठवड्यात. तेव्हा पुन्हा खाऊ नकोस, पण त्या एका मुठीसाठी रडतही बसू नकोस.

आता सासूबाईंचा प्रश्न. बोचरा असला तरी प्रश्न म्हणून चांगला आहे. स्लीव्हमध्ये पोटाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काढतात. त्यात वरचा फुगीर भाग जातो, आणि भुकेची वर्दी देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होतं. ते एकदम घटलं, पोटाला सूज होती, अंगात थकवा होता आणि पोटात जात होतं ते नुसतं पातळ. अशा वेळी भूक लागलीच नाही यात नवल नाही. पण घ्रेलिन थोडंफार आतड्यातही बनतं, आणि भुकेचं सगळं खातं त्या एकट्याकडे नाहीच. सूज उतरली, तू घरात हिंडू-फिरू लागलीस, कदाचित शाळेतही जायला लागली असशील, शरीराने पुन्हा मागायला सुरुवात केली. चौथ्या-पाचव्या आठवड्यात हे कितीतरी जणांना होतं. ऑपरेशन फसल्याची ही खूण नाही.

तुझ्या बाबतीत मला आणखी एक शंका आहे. तू अजून पातळावरच आहेस का? ती शेव सोडली तर पत्रात खाण्याचं एक अक्षर नाही, नुसतं पिण्याचं आहे. ताक, सूप, वरणाचं पाणी तुझ्या आताच्या नळीसारख्या पोटात थांबतच नाही. अर्ध्या तासात पोट रिकामं, मग खड्डा पडणारच. पाचव्या आठवड्यापर्यंत बहुतेकांना मऊ, कुस्करलेल्या खाण्यावर आणलेलं असतं. पण तुझा तक्ता तुझ्या डाएटीशियनकडे आहे, आणि तिला तू "सगळं छान" सांगून बसली आहेस! ती बिचारी तुला पुढच्या पायरीवर नेणार कशी?

माझी एक नणंद बडोद्याला असते. तिचंही वजनाचंच ऑपरेशन, पण बायपास प्रकारचं झालं होतं. तिनेही हेच केलं, भूक लागते म्हणाले तर रागावतील म्हणून गप्प. दुधात बुडवलेल्या ग्लुकोजच्या बिस्किटांवर दीड महिना काढला, वजन उतरायचं थांबलं, जिना चढताना धाप लागायला लागली. शेवटी बोलली तेव्हा कोणी रागावलं नाही. तक्ता बदलला, बस.

तर उद्याच फोन कर आणि शेवेसकट सांग. परवानगी मिळाली की प्रत्येक खाण्यात पहिला घास प्रथिनांचा. दिवसाला साधारण 60 ग्रॅम तरी, असं बहुतेक ठिकाणी सांगतात, आणि आपल्यासारख्या वरण-भातवाल्यांना तिथेच घाम फुटतो. शंभर ग्रॅम पनीरमधून जेमतेम 18 ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून 6, चालत असेल तर. दह्याचा चक्का बांध, पण साखर घालून त्याचं श्रीखंड करू नकोस, माझी नजर आहे. मुगाचं घट्ट वरण, हाताने मोडलेलं पनीर, आणि पिठलं! मऊसर, बिनमिरचीचं, कमी तेलाचं पिठलं तुझ्यासारखीला वरदान आहे. चहाच्या चमच्याने वीस-पंचवीस मिनिटं लावून खा. खाताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. पाणी वर गेलं की घास खाली वाहून जातो आणि पुन्हा तेच रिकामपण. मधल्या वेळात मात्र घोट-घोट पीत राहा, तहानसुद्धा कितीदा भुकेच्या वेशात येते.

आम्लाचंही तसंच. रिकाम्या पोटी वरच्या बाजूला कुरतडल्यासारखं होतं आणि दोन घास खाल्ले की शांत वाटतं, त्याला आपण भूक म्हणतो. ऑपरेशननंतर काही महिने आम्ल कमी करणारी गोळी देतात. ती चुकते आहे का, किंवा "बरं वाटतंय" म्हणून तूच बंद केलीस का, ते बघ.

आता संध्याकाळ. खड्डा पडला की स्वतःला विचार, आत्ता समोर बिनफोडणीचं मुगाचं वरण आलं तर खाशील? "हो" आलं तर पोट मागतंय, त्याला दे. "छे, शेवच हवी" आलं तर ती जिभेची भूक. पण तिला खोटी म्हणू नकोस हं. वीस वर्षं शनिवारी रात्री सराफ्यात सोन्या-चांदीच्या दुकानांची शटरं पडायची, कढया चढायच्या, तुम्ही उभ्या-उभ्या भुट्ट्याचा कीस खायचात, थंडीत तळलेला गराडू कंद, वर जिरावण मसाला. कचोरीवाला "भिया, एक और?" म्हणायचा. सर्जनने तुझं पोट लहान केलं, शनिवार होता तेवढाच राहिला. सगळे हसत बाहेर पडले आणि तू अंधारात डब्याशी. मला त्या शेवेपेक्षा हे जास्त लागलं.

म्हणून ह्यांना सांग. पैशांचं ओझं घेऊन गप्प राहिलीस तर दर शनिवारी डबा उघडेल. म्हणावं, महिना-दोन महिने तुम्ही सराफा सोडा, संध्याकाळी आपण दोघं नेहरू पार्कला चक्कर मारू. त्यांचंही पोट जरा आत जाईल, ते वेगळंच. आणि शेवेचा डबा घरातून घालवू नकोस. इंदुरात ते शक्यही नाही, सासरे पोहे कशाबरोबर खातील? फक्त तो स्टीलचा काढून काचेच्या बरणीत, सासूबाईंच्या खोलीत. मागून घ्यावी लागली की अर्धी जिभेची भूक लाजेनेच विरते.

संकष्टीचा उपास अजिबात नाही. दिवसभर कोरडं, चंद्रोदयानंतर एकदम ताट, हे या पोटाला चालणारं नाही. फराळ म्हणावा तर साबुदाण्यात प्रथिनं नावालाच आणि चिकटपणा भरपूर. पाणी कमी पडून चक्कर आली तर निराळंच लचांड. उपासाने भूक मरत नाही, साठते आणि रात्री अकराला वसूल करते. खजराण्याच्या गणपतीला जाऊन नमस्कार कर, दूर्वा वाहा. ऑपरेशन झालेल्या बाईची हजेरी बाप्पा घेत नाही.

एक गोष्ट मात्र भूक समजून अंगावर काढायची नाही. ताप, छातीत धडधड, वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात कळ, धाप, किंवा पाणीसुद्धा न टिकणारी उलटी, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी सर्जन. उलट्या दोन-तीन दिवस चालल्या तर ब-1 जीवनसत्त्व झपाट्याने घटतं आणि त्याचा परिणाम मज्जातंतूंवर होतो.

सासूबाईंना काय उत्तर द्यायचं? "हो आई, आहे भूक. पिठलं करता का?" असं म्हणून बघ. त्या वयाच्या बायकांना टोमण्यापेक्षा काम दिलेलं आवडतं.

आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात फणीत केसांचा पुंजका येईल तेव्हा घाबरून पुन्हा पत्र लिहिशील, तर आत्ताच सांगते, बहुतेकांचे गळतात आणि नंतर येतात. तोवर लोह, बी-12 आणि कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नकोस, आणि लोह-कॅल्शियम एका वेळी घेऊ नकोस, दोघांत दोन तास तरी ठेव.

– मावशी