स्मरणशक्ती शाबूत असूनही अल्झायमर कसा?

आपल्या आईंचे वय 58 आहे, त्यांची स्मरणशक्ती चांगली आहे आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर ठीक असल्याचे सांगितले आहे. तरीही समोर ठेवलेला पेला त्यांना सापडत नाही आणि निदान अल्झायमरचे झाले आहे. हे कसे, असे आपण विचारले आहे. माझ्या यजमानांना याच आजाराचा भाषेवर घाला घालणारा प्रकार होता. त्यांची नऊ वर्षे शुश्रूषा करताना जे वाचले आणि पाहिले, त्याच्या आधारे लिहिते.

अल्झायमर म्हणजे विसराळूपणा नव्हे. मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ ही दोन प्रथिने साचण्याच्या विकाराचे ते नाव आहे. लक्षणे कोणतीही असोत, अमायलॉइड मेंदूच्या बाह्य थरात बऱ्याच अंशी सारखेच पसरलेले आढळते. लक्षणे ठरतात ती टाऊ कुठे साचले यावरून, कारण चेतापेशींची झीज त्याच जागी होते. नेचर मेडिसिन या नियतकालिकात 2021 मध्ये 1,612 जणांच्या स्कॅनच्या आधारे टाऊ पसरण्याचे चार मार्ग मांडले गेले आणि प्रत्येकाचा वाटा 18 ते 33 टक्के निघाला. म्हणजे आपल्या आईंचा आजार ‘अपवाद’ म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही.

आता जागा कशी ठरते ते पाहू. मेंदूतील एकमेकांपासून दूर असलेले काही भाग एकाच लयीत काम करतात, त्यांना मिळून जाळे म्हणतात. आपण स्वस्थ बसून जुने काही आठवत असताना जे जाळे जागे असते, त्याचा मागचा भाग, विशेषतः प्रीक्युनिअस नावाचा मेंदूच्या मागच्या बाजूचा पट्टा, अल्झायमरच्या बहुतेक प्रकारांत बाधित होतो. मनमाडसारख्या जंक्शनवर अनेक मार्गांच्या गाड्यांचा भार असतो, तसेच या भागाचे आहे. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी 2013 मध्ये निरोगी माणसांची जाळी आणि रुग्णांच्या मेंदूतील झीज ताडून पाहिली, तेव्हा हा सामाईक भाग सर्वांत आढळला. पण त्याखेरीज प्रत्येक प्रकारात एक वेगळे जाळे बाधित होते. दृष्टीच्या प्रकारात ते पाहिलेल्याचा अर्थ लावणारे होते, तर भाषेच्या प्रकारात डाव्या बाजूचे भाषेचे.

आपल्या आईंचा हा दृष्टीचा प्रकार फ्रँक बेन्सन या मेंदूविकारतज्ज्ञांनी 1988 मध्ये वर्णन केला. लेखक टेरी प्रॅचेट यांना 2007 मध्ये त्याचेच निदान झाले होते. डोळा चित्र घेतो, पण त्याचे तुकडे जोडणारी मेंदूच्या मागच्या बाजूची यंत्रणा ढासळलेली असते. म्हणूनच चष्मा बदलून काही उपयोग होत नाही.

यजमानांना शब्द सुचत नसे आणि लांब वाक्य पुन्हा म्हणता येत नसे. ‘जेवून निळी गोळी घ्या, मग फिरायला जाऊ’ यातले त्यांना शेवटचे तेवढे पोहोचे. एका डॉक्टरांनी हा मानसिक ताण ठरवला आणि त्यात आमची दोन वर्षे गेली, याचे दुःख मला आजही आहे. पुढे मी एका वेळी एकच गोष्ट सांगू लागले, तेव्हा घरातला निम्मा त्रागा थांबला. बाजारात एकट्याने जाऊन येणे तर त्यांना चौथ्या वर्षापर्यंत जमत होते.

एक सावधगिरी आवर्जून सांगते. जाळ्यांचे हे नकाशे अनेक रुग्णांच्या सरासरीतून काढलेले असतात, त्यामुळे एकट्या रुग्णाचे निदान करण्यासाठी जाळी दाखवणाऱ्या स्कॅनवर पैसे घालवू नयेत. निदानाला एमआरआय, ग्लुकोजचा पेट स्कॅन आणि गरज पडल्यास मणक्यातील पाण्याची किंवा अमायलॉइडची तपासणी उपयोगी पडते. तसेच आजार एका जाळ्यात थांबत नाही. काही वर्षांनी स्मृतीवरही परिणाम होतो, याची मनाची तयारी ठेवावी.

आज मात्र त्यांना सगळे कळते आणि लक्षातही राहते, तेव्हा त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी परस्पर बोलू नये. ताट आणि टेबल यांचे रंग ठळक वेगळे असावेत, नक्षीचा टेबलक्लॉथ काढून टाकावा. जमिनीवरचा गडद गालिचा अशा रुग्णांना खड्ड्यासारखा भासू शकतो, तोही उचलावा. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला उजळ रंगाची पट्टी चिकटवावी, आणि हे काम याच आठवड्यात करावे.