भातातला उंदीर: औषध पोटरीत नको, मे महिन्यात ठेवा

मुरबाडजवळच्या एका शेतकरी दादांनी विचारलंय: "साहेब, गणपती गेले की उंदीर भात कापायला लागतो. दरवर्षी तेव्हाच औषध ठेवतो, पण फरक पडत नाही. भाचा राजस्थानात कामाला आहे. तो सांगतो, तिकडे पाऊस झाला की उंदीर वाढतात. आपल्याकडे तर एवढा पाऊस, मग करायचं काय?"

दादा, भाचा सांगतो ते तिकडचं अगदी खरं. जैसलमेरकडे वर्षाला जेमतेम 200 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथला वाळवंटी उंदीर दिवसाउजेडी फिरतो आणि कोरड्या दिवसांत बिया, मुळं खाऊन तग धरतो. सरी आल्या की गवत फुटतं. पिल्लांना पाजणाऱ्या मादीला हिरवं, कोवळं खाणं लागतं. पाणी आणि प्रथिनं तिला त्यातूनच मिळतात. पिल्लं बिळाबाहेर येईपर्यंत गवताला बी धरतं. म्हणून पावसापाठोपाठ तिकडे विणीला जोर येतो.

आपल्या ठाणे जिल्ह्यात पाऊस 2500 मिलिमीटरच्या घरात. जुलैत खाचरं तुडुंब भरतात, बिळांत पाणी शिरतं, उंदीर बांधाला चिकटून राहतो. हिरवळ भरपूर असते, पण त्याला हवं ते मिळतं भात पोटरीत आल्यावर, म्हणजे बाहेर पडण्याआधी लोंबी धाटात फुगू लागल्यावर. आपल्या उंदराची वीण पावसावर नाही, लोंबीवर चालते.

मागच्या सप्टेंबरात शहापूरकडच्या एका बांधावर एका कातकरी दादांनी माझ्यासमोर बीळ खणलं. तोंडाशी ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग. हातभर आत भाताच्या पातीच्या चिंध्यांचं घरटं आणि त्यात सात पिल्लं, गुलाबी, डोळे मिटलेली. शेजारच्या कप्प्यात लोंब्या रचलेल्या, धाटं तिरकी कापलेली. दाणा दाबला तर अजून दूध येत होतं. बिळाच्या तोंडावरून आत काय आहे हे या माणसांना कळतं. त्यांना योग्य मजुरी देऊन बोलवा, हे मी मनापासून सांगतो.

आता हिशोब बघा. मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेताला सहा-सात पिल्लं, आणि व्याल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. मेमध्ये बांधावर राहिलेली एक मादी दिवाळीपर्यंत पंधरा-वीस उंदीर करते. शिवाय शेतात दुधाळ दाणा असताना तुमचं आमिष तो कशाला खाईल? तुमचं औषध वाया जातं ते यामुळे.

म्हणून मेचा शेवटचा पंधरवडा धरा. तेव्हा उंदीर कमी असतो आणि भुकेला असतो. संध्याकाळी बांधावरची सगळी बिळं ओल्या मातीने लिंपा. सकाळी जी उकरलेली दिसतील ती जिती. अशा प्रत्येक बिळात 0.005 टक्के ब्रोमोडायोलोनचं तयार आमिष 15 ग्रॅम, कागदाच्या पुडीत, आत खोल सारा आणि तोंड बुजवा. लावणीनंतर, पोटरीच्या आधी, उघडीप बघून पुन्हा एक फेरी करा. हातमोजे घाला, पोरं, कोंबड्या, कुत्री लांब ठेवा, मेलेले उंदीर खोल पुरा. चुकून कुणाच्या पोटात गेलं तर वेष्टन घेऊन तडक दवाखाना गाठा. यावर के-1 जीवनसत्त्वाचा उतारा आहे. झिंक फॉस्फाईड या उंदराच्या दुसऱ्या विषावर उतारा नाही, म्हणून घरात पोरं असलेल्यांना मी ते सुचवत नाही.

एकट्याने करून मात्र उपयोग नाही. शेजारच्या बांधावरचा उंदीर आठवड्यात तुमच्याकडे येतो. त्यात एकाच पट्ट्यात कुणाचं हळवं म्हणजे लवकर येणारं भात, कुणाचं निमगरवं म्हणजे मधल्या मुदतीचं, कुणाचं गरवं म्हणजे उशिरा येणारं. हळवं कापलं की उंदीर गरव्यात शिरतो आणि त्याला नोव्हेंबरपर्यंत कोवळा दाणा मिळत राहतो, म्हणजे वीणही लांबते. आवण, म्हणजे भाताची रोपं, टाकण्याआधी एकत्र बसून एका पट्ट्यात एकाच मुदतीचं वाण ठरवा. बांध अरुंद आणि तणमुक्त ठेवा.

चिखलात उतरताना पायाला जखम असेल तर गमबूट घालाच. उंदराच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होतो. ताप आला तर अंगावर काढू नका.

बिळं लिंपायची संध्याकाळ गावाने ठरवून मला कळवा. दुसऱ्या दिवशी सकाळी जिती बिळं मोजायला मी बांधावर येईन.